चीनमधली ओस शहरं, कोसळणारे टॉवर आणि आपले व्हॉट्सॲप ग्रुप

काजवा · शनिवार, सकाळी १०:१२

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात चिनी घरबांधणीच्या दोन क्लिपा आल्या. पहिलीत डझनभर उंच टॉवर एकामागोमाग धुळीत बसतात, खाली मजकूर, "चीनचा फुगा फुटला, अख्खं शहर पाडायची वेळ आली." दुसरीत दहा मजली इमारत बघता बघता उभी राहते, खाली, "ते २८ तासांत, आपण खड्डा बुजवायला २८ महिने." पाठवणारे काका एकच. दोन्हींवर पडलेले अंगठेही त्याच लोकांचे.

गंमत म्हणजे दोन्ही क्लिपा खऱ्या आहेत आणि दोन्ही २०२१च्या आहेत. पहिली कुनमिंगची, २७ ऑगस्टची. १५ अर्धवट टॉवर सुरुंग लावून पाडायचे होते. १४ पडले, एक उभाच राहिला. ते शहर वगैरे काही नव्हतं, वर्षानुवर्षं रखडलेला एक गृहप्रकल्प होता. दुसरी चांग्शाची, ब्रॉड ग्रुप या कंपनीने स्वतःच काढलेली. पोलादी भाग कारखान्यात तयार करून कंटेनरच्या मापात आणले आणि जागेवर नटबोल्टने जोडले. त्या जोडणीचे २८ तास ४५ मिनिटं. कारखान्यातला वेळ त्यात धरलेला नाही. कंपनीची जाहिरात आहे ती, आणि जाहिरात म्हणून झकास आहे.

काकांना नावं ठेवायला धागा काढलेला नाही. मोठमोठी माध्यमंही हेच करतात, फक्त इस्त्रीचे कपडे घालून.

उदाहरण कांगबाशीचं. इनर मंगोलियातल्या ऑर्डोस शहराचा हा नवा भाग. नोव्हेंबर २००९मध्ये अल जझीराने दाखवला आणि पुढच्या वर्षी टाइमने त्याची छायाचित्रं छापली. 'घोस्ट सिटी' हा शब्द तिथून सगळ्यांच्या तोंडी बसला. चित्रं खोटी नव्हती. रुंद रस्ते, अवाढव्य संग्रहालय, चौकात घोड्यांचे महाकाय पुतळे आणि माणूस औषधालाही नाही. पण सरकारी कचेऱ्या तिथे हलून तेव्हा तीन-चारच वर्षं झाली होती. कोळशाच्या तेजीतल्या पैशाने लोकांनी घरं घेऊन ठेवली होती, राहायला कोणी गेलं नव्हतं. पुढे नावाजलेल्या शाळा तिकडे गेल्या आणि शाळेमागून आईबाप गेले. (शाळेच्या प्रवेशासाठी घर बदलणारे आईबाप आपल्याला नवीन नाहीत.) मूळ आराखड्यातले १० लाख लोक कधीच आले नाहीत, लक्ष्यच ३ लाखांवर आणावं लागलं. २०२०च्या जनगणनेत लाखाच्या वर वस्ती निघाली. म्हणजे ओस शहर म्हणावं तर तसं नाही आणि यशोगाथा म्हणावी तर तीही नाही. असली मधली बातमी छापणार कोण?

आकड्यांचं तर विचारूच नका. 'चीनमध्ये ६ कोटी ४० लाख फ्लॅट रिकामे' हे २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या एसबीएस वाहिनीच्या वार्तापटात आलं आणि वर्षानुवर्षं फिरत राहिलं. साधारण त्याच आकड्याची एक वावडी आदल्या वर्षी चीनमध्येच उठली होती: स्टेट ग्रिड या सरकारी वीज कंपनीने ६६० शहरांत मीटर तपासले आणि ६ कोटी ५४ लाख मीटर सहा महिने शून्यावर सापडले. स्टेट ग्रिडने जाहीर केलं की असा तपास आम्ही केलेलाच नाही.

आणि सप्टेंबर २०२३ची 'चीनमध्ये ३०० कोटी लोकांना पुरतील एवढी घरं' ही बातमी. हे विधान 'हे खंग' नावाच्या गृहस्थांचं, चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी विभागाच्या माजी उपप्रमुखांचं. डोंगग्वान इथल्या एका कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की काही जण ३०० कोटींचा आकडा सांगतात, तो जरा जास्तच असावा, पण १४० कोटी लोकांनाही ही घरं भरता येणार नाहीत. अनेक ठिकाणी मथळ्यात ३०० कोटी राहिले आणि 'जरा जास्तच असावा' गळून पडलं. त्याच सुमारास चीनचा अधिकृत आकडा होता ६४.८ कोटी चौरस मीटर न विकलेली घरं. रॉयटर्सने ९० चौरस मीटरचं एक घर धरून त्याची ७२ लाख घरं केली. आता ७२ लाख कुठे आणि ३०० कोटी माणसांची घरं कुठे! दोन्ही आकडे एकाच बातमीत सुखाने नांदत होते.

तर प्रश्न असा: चीनच्या घरांबद्दल वाचताना आपण बातमी वाचतो की कुणाची तरी इच्छा?

---

तिरफळ · शनिवार, सकाळी १०:५५

वाखूसा (वाचनखूण साठवली). 'इस्त्रीचे कपडे' आवडलं.

---

अण्णा_मिरजकर · शनिवार, दुपारी १२:२०

काजवाताई, लेख छान, पण रोख एकीकडेच आहे. पाश्चात्त्य माध्यमं उथळ आहेत, मान्य. म्हणून चीनचा घरबाजार ठणठणीत आहे का? एव्हरग्रांद ही चीनची बडी बिल्डर कंपनी बुडाली, ती काय अल जझीराने बुडवली? ३०० अब्ज डॉलरच्या वर देणी होती. जानेवारी २०२४मध्ये हाँगकाँगच्या उच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली. त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये कंट्री गार्डन या दुसऱ्या बड्या बिल्डरने हप्ता चुकवला. दहा-पंधरा वर्षं जे 'फुगा आहे, फुगा आहे' म्हणत होते तेच खरे ठरले ना? मग त्यांना प्रचारक का म्हणायचं?

आणि तुमच्या त्या 'वावडी'बद्दल. छंगदूच्या विद्यापीठाने घरोघरी पाहणी केली, २०१७चे आकडे आहेत. शहरांतली २१.४ टक्के घरं रिकामी, म्हणजे साडेसहा कोटी. वावडीचा आकडा तरी काय होता? साडेसहा कोटीच. घ्या.

---

खातेवही · शनिवार, दुपारी १:४५

अण्णा, मुद्दा चांगला आहे, आणि खरी गोम इथेच आहे. मी बँकेत गृहकर्जाच्या विभागात होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

साडेसहा कोटी आणि ७२ लाख या दोन आकड्यांत भांडण नाही. ७२ लाख म्हणजे बिल्डरकडे पडून असलेली, न विकलेली घरं. साडेसहा कोटी म्हणजे विकलेली, ज्यांना मालक आहे पण आत कोणी राहत नाही अशी. कुणाचं दुसरं-तिसरं घर, कुणी दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेला. चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या २०१९च्या पाहणीत शहरी कुटुंबांपैकी ९६ टक्के घरमालक होते आणि कुटुंबाच्या मालमत्तेत घराचा वाटा ५९ टक्के होता. शेअर बाजारावर भरवसा नाही, पैसा देशाबाहेर न्यायला बंधनं, मग आपल्याकडे सोनं घेऊन ठेवतात तसे त्यांनी फ्लॅट घेऊन ठेवले. रिकामा फ्लॅट दिसला म्हणजे बिल्डर बुडाला असं होत नाही. त्याचे पैसे त्याला कधीच मिळालेत.

बिल्डर बुडाले ते वेगळ्याच जागी. १९९४ साली करवाटपाची व्यवस्था बदलली, महसुलाचा मोठा हिस्सा बीजिंगकडे गेला आणि खर्च मात्र स्थानिक सरकारांच्या गळ्यात राहिला. १९९८मध्ये नोकरीच्या ठिकाणाकडून घर मिळण्याची जुनी पद्धत बंद केली. शहरातली जमीन सरकारची. लोकांना मिळतो तो निवासी वापराचा ७० वर्षांचा हक्क. मग नगरपालिका जमिनीचा हक्क विकून घर चालवायला लागल्या. २०२१मध्ये या विक्रीतून ८.७ लाख कोटी युआन आले. २०२४मध्ये ४.९ लाख कोटीसुद्धा नाहीत.

बिल्डरने जमीन घ्यायची कर्जावर आणि घर विकायचं पाया खणतानाच. गिऱ्हाइकाचं गृहकर्ज त्याच दिवशी सुरू. ते पैसे देखरेखीखालच्या खात्यात राहायला हवेत, पण अनेक ठिकाणी ते पुढच्या जमिनीच्या खरेदीत गेले. ऑगस्ट २०२०मध्ये सरकारने कर्जावर 'तीन लाल रेषा' आखल्या, नवं कर्ज आटलं आणि ही फिरवाफिरवी उघडी पडली.

आता माध्यमांकडे या. दशकभर कॅमेरे फिरले ते बांधून झालेल्या आणि रिकाम्या घरांभोवती. बोंब झाली ती विकलेल्या आणि न बांधलेल्या घरांत. न बांधलेल्या घराचा फोटो काय काढणार? खड्डा आणि पत्रे. ज्यांना अण्णा द्रष्टे म्हणतायत, त्यांनी दुखणं आहे हे ओळखलं, अवयव चुकला.

---

अण्णा_मिरजकर · शनिवार, दुपारी २:१०

अवयव चुकला तरी पेशंट गेला ना!

---

खातेवही · शनिवार, दुपारी २:३२

गेला. पण कुठला डॉक्टर काय कमावत होता तेही बघा. जिम चॅनोस, ज्यांनी २०१०मध्ये चीनला 'हजार दुबई' (म्हणजे दुबईच्या फुग्याच्या हजारपट) म्हटलं, ते शेअर पडण्यावर पैसे लावणारे गुंतवणूकदार. त्यांचं म्हणणं खोटं होतं असं नाही, पण वाहिन्यांवर ते तज्ज्ञ म्हणून बसायचे आणि प्रेक्षकाला दोन्ही बाजू ठाऊक असायला हव्या होत्या.

उलट बाजूचा किस्सा त्याहून भारी. जून २०१२मध्ये सिट्रॉन रिसर्चच्या अँड्र्यू लेफ्टने लिहिलं की एव्हरग्रांद दिवाळखोर आहे आणि हिशेब फुगवते. तोही शेअर पडण्यावरच पैसे लावून बसलेला. शेअर आपटला. हाँगकाँगच्या नियामकाने त्याच्यावर कारवाई केली. २०१६मध्ये लवादाने त्याला खोटी, दिशाभूल करणारी माहिती पसरवल्याबद्दल दोषी धरून पाच वर्षं तिथल्या बाजारातून बाहेर काढलं. २०२१मध्ये एव्हरग्रांदने हप्ते चुकवले. मार्च २०२४मध्ये खुद्द चीनच्या रोखे नियामकाने जाहीर केलं की कंपनीने २०१९ आणि २०२० मिळून ५६४ अब्ज युआनचं उत्पन्न फुगवून दाखवलं होतं. संस्थापक शू जियायिन यांना ४ कोटी ७० लाख युआन दंड आणि बाजारात आजन्म बंदी. हिशेब तपासणाऱ्या पीडब्ल्यूसीच्या चिनी शाखेला सहा महिने बंदी.

२०१२चा अहवाल वेगळ्या वर्षांबद्दल होता, त्यामुळे लेफ्ट अक्षरशः बरोबर ठरला असं म्हणता येणार नाही. पण त्या शिक्षेनंतर या कंपनीबद्दल लिहायला किती जण धजावले असतील, हे ज्याचं त्याने ठरवावं.

---

मोहोर · शनिवार, संध्याकाळी ६:०५

मी वैद्यकीय शिक्षणासाठी झेंगझोऊला होते. विद्यापीठात महाराष्ट्रातली पोरं भरपूर, मेसमध्ये वरणभात मिळायचा. मी तिथे असतानाच २०१३च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सीबीएसवर '६० मिनिट्स'मध्ये झेंगझोऊचा झेंगडोंग भाग दाखवला: नवेकोरे टॉवर, रिकामा मॉल. घरून फोन, "तुमच्याकडे भुताटकीचं शहर आहे म्हणे!"

संध्याकाळी बऱ्याच खिडक्या काळ्या असायच्या, खरंय. पण तळ्याकाठी गर्दी असायची, म्हाताऱ्या बायका स्पीकर लावून नाचायच्या आणि मेट्रोची पहिली लाइन त्याच वर्षी तिकडे सुरू झाली. पुढे कचेऱ्या, इस्पितळं, शाळा येत गेल्या आणि तो शहरातल्या महागड्या भागांपैकी एक झाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला फॉक्सकॉनचा आयफोनचा कारखाना, तिथे लाखांनी कामगार. एका रविवारी दुपारी कॅमेरा लावून शहराचं भविष्य सांगता येतं यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

पण मला चीनचं गुणगानही करायचं नाही. त्याच झेंगझोऊत २०२२च्या उन्हाळ्यात ग्रामीण बँकांत पैसे अडकलेले ठेवीदार जमायला लागले, तर त्यांचा कोविडचा हेल्थ कोड अचानक लाल झाला. म्हणजे प्रवासच बंद. हे इतकं उघड होतं की शेवटी पाच अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. १० जुलैला ठेवीदार मध्यवर्ती बँकेच्या शाखेसमोर बसले तेव्हा साध्या कपड्यांतल्या माणसांनी त्यांना मारहाण केली. वर्गमैत्रिणीने पाठवलेला व्हिडिओ मी उघडेपर्यंत गायब होता.

---

काजवा · शनिवार, रात्री ८:४०

मोहोर, हे लिहिलंत ते फार बरं झालं, कारण धाग्याची दुसरी बाजू हीच. पाश्चात्त्य मथळा अतिशयोक्ती करतो. चिनी सरकार बातमीच पुसतं. दोन्हींना एका पंगतीत बसवायची माझी तयारी नाही. मथळ्याखालचा मजकूर निदान वाचता तरी येतो.

त्याच २०२२च्या जूनअखेर जिंगदजेनमधल्या एव्हरग्रांदच्या एका प्रकल्पातल्या ग्राहकांनी पत्र काढलं: बांधकाम सुरू करा, नाहीतर आम्ही गृहकर्जाचे हप्ते थांबवतो. काही आठवड्यांत तीनशेहून अधिक प्रकल्पांतून अशी पत्रं निघाली. वीबो-वीचॅट या चिनी समाजमाध्यमांवरून पोस्टी उडायला लागल्या तेव्हा कुणीतरी प्रकल्पांची यादी गिटहबवर चढवली, म्हणजे संगणक प्रणाली लिहिणाऱ्यांच्या साइटवर. जगभरच्या बँका आणि वृत्तसंस्था चिनी घरबाजाराचं दुखणं मोजत होत्या ते त्या यादीवरून. यादी करणारे पाश्चात्त्य प्रचारक नव्हते, हप्ते भरून थकलेले ग्राहक होते.

त्याच ऑगस्टमध्ये बैके या मालमत्ता व्यवहाराच्या कंपनीच्या संशोधन संस्थेने २८ शहरांत सरासरी साधारण १२ टक्के घरं रिकामी असल्याचा अहवाल काढला. गदारोळ झाला आणि काही दिवसांत आकडे चुकल्याचं सांगून माफी मागत तो मागे घेतला. चुकले असतीलही. पण तपासून बघायला दुसरा आकडा उरलाच नाही.

---

पाटीलबुवा · शनिवार, रात्री ९:१५

२०२३च्या ऑगस्टमध्ये तरुणांच्या बेकारीचा आकडाच छापायचा थांबवला होता (जूनचा २१.३ टक्के होता). डिसेंबरमध्ये वरच्या आर्थिक बैठकीत ठरलं की अर्थव्यवस्थेच्या 'उज्ज्वल भवितव्याचा' प्रचार वाढवायचा. आणि चीनची हेरगिरी बघणारं खातं वीचॅटवर लिहितं की अर्थव्यवस्थेची बदनामी हा सुरक्षेचा प्रश्न आहे. घराचे भाव पडले म्हणणारा देशद्रोही. आमच्या एजंटलाही असंच वाटतं!

---

सह्यकडा · शनिवार, रात्री १०:०२

सगळे एव्हरग्रांदमध्येच अडकलेत. चीनची घरबांधणी आपल्या सीमेवर चाललीय त्याचं काय? अरुणाचलमध्ये गाव वसवलंय. उपग्रहाची चित्रं टीव्हीवर दाखवली. तरी इथे 'पाश्चात्त्य माध्यमं उथळ' चालू आहे. चिनी माल वापरणाऱ्यांकडून दुसरी अपेक्षा नाही.

---

संपादक · शनिवार, रात्री १०:२०

सह्यकडा, शेवटचं वाक्य अनावश्यक. मुद्द्यावर लिहा. विषयांतर नाही, सीमेवरची घरंही याच धाग्यात बसतात.

---

काजवा · रविवार, सकाळी ९:३०

बसतात, किंबहुना मी विसरायच्या आत कुणीतरी काढलं हे उत्तमच.

जानेवारी २०२१मध्ये एनडीटीव्हीने उपग्रह चित्रं दाखवली: अप्पर सुबनसिरी जिल्ह्यात, त्सारी चू नदीकाठी साधारण १०१ घरं. चित्रं खरी. नंतर पेंटागॉनच्या अहवालातही त्याचा उल्लेख आला. पण बऱ्याच वाहिन्यांच्या पट्टीवर जे आलं, 'चीन आत घुसला, गाव बांधलं', त्यात एक वाक्य गळालं: ती जागा १९५९पासून चिनी सैन्याच्या ताब्यात आहे. परराष्ट्र मंत्रालयानेही सांगितलं की चीनने बेकायदा बळकावलेल्या भागातलं बांधकाम आणि तो ताबा भारताला मान्य नाही. हे वाक्य राहिलं असतं तर बातमी सौम्य झाली असती का? मला तर ती जास्त गंभीर वाटते. साठ वर्षं जिथे चौकी होती तिथे आता संसार वसवतायत, म्हणजे उद्या वाटाघाटीत 'आमचे लोक राहतात' म्हणायला मोकळे. पण 'आज घुसले' यालाच प्रेक्षक मिळतात.

चीनचा प्रचार इथे कसा चालतो तेही बघण्यासारखं आहे. तिबेटच्या सीमेवर ६२८ 'सुखवस्तू' गावं बांधायची योजना २०१७ची. त्याच ऑक्टोबरमध्ये अरुणाचलला लागून असलेल्या युमाई गावातल्या दोन गुराखी बहिणींना शी जिनपिंग यांनी पत्र लिहिलं, सीमेवर मुळं रोवा अशा अर्थाचं, आणि सरकारी माध्यमांनी त्या बहिणींना घराघरांत पोहोचवलं. गरिबाला घर, शाळा, वीज मिळाली, फोटोत हसरे चेहरे. घर खरंच मिळालंय. घरात कोणाला आणि का बसवलंय हे फोटोत नाही.

कधीकधी प्रचार स्वतःच्याच पायात येतो. नोव्हेंबर २०२०मध्ये सीजीटीएन या चीनच्या सरकारी वाहिनीच्या एका पत्रकाराने डोकलामजवळच्या पांग्दा गावाचे फोटो अभिमानाने ट्विटरवर टाकले. लोकांनी नकाशे काढले, गाव भूतानच्या हद्दीत दोन-अडीच किलोमीटर आत दिसलं. ट्विट उडालं. भूतानच्या दिल्लीतल्या राजदूतांनी भूतानच्या हद्दीत असं चिनी गावच नसल्याचं सांगितलं. उपग्रहाला ते दिसत होतं.

---

सह्यकडा · रविवार, सकाळी १०:१०

१९५९चं माहीत होतं. तरी पट्टी हवीच. पट्टी नसती तर २०२३मध्ये अरुणाचलमधल्या किबिथूला आपली सीमेवरच्या गावांसाठीची व्हायब्रंट व्हिलेज योजना सुरू झाली असती का?

---

तिरफळ · रविवार, सकाळी १०:४५

म्हणजे आपल्या कामाची असेल तर अर्धी बातमी चालेल. निदान प्रामाणिक आहात.

---

चाफा_डोंबिवली · रविवार, दुपारी १२:३०

मला या सगळ्यातलं 'ओस शहर' वाचून हसू येतं. २०१७-१८च्या आपल्या आर्थिक पाहणी अहवालात २०११च्या जनगणनेचा दाखला आहे: मुंबईत ४ लाख ८० हजार घरं रिकामी, देशात सर्वांत जास्त. मुंबईला कुणी ओस शहर म्हणालं? खाली फूटपाथवर माणसं आहेत म्हणून कॅमेऱ्याला ते दिसत नाही. लवासाला म्हणाले, कारण तिथे माणसं नव्हती. २०१०मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०१८मध्ये प्रकरण दिवाळखोरीत गेलं, आणि फोटो चांगले यायचे.

खातेवहींनी लिहिलेलं 'विकलेलं पण न बांधलेलं' वाचलं आणि पोटात गोळा आला. आमचं पुण्याजवळचं घर असंच. हप्ता चालू, भाडं चालू, प्लिंथच्या पुढे काम नाही. ज्या वर्तमानपत्रात त्या प्रकल्पाची पानभर जाहिरात बघून आम्ही गेलो, त्यात आमच्यासारख्यांची बातमी कधी आली नाही. शनिवारची मालमत्ता पुरवणी मात्र न चुकता येते. प्रचार म्हटलं की सगळ्यांना सरकार आठवतं. मला ती पुरवणी आठवते.

---

खातेवही · रविवार, दुपारी १:१५

चाफाताई, महारेराकडे तक्रार केली आहे का? नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नोंदणीच्या पानावर प्रकल्पाचे तिमाही अहवाल कसे बघायचे ते सांगतो.

पुरवणीचा मुद्दा सोळा आणे. चीनमध्येही तेजीच्या काळात शहरी वर्तमानपत्रं बिल्डरांच्या जाहिरातींवर पोसलेली होती. आणि चीन सरकार स्वतः जाहिरातदार म्हणून बाहेरच्या वर्तमानपत्रांत शिरतं ते वेगळंच: चायना डेलीची 'चायना वॉच' पुरवणी वॉशिंग्टन पोस्टसारख्या पेपरांत पैसे मोजून छापली जायची. एकाच अंकात आत चीनवर टीका, पुरवणीत चीनची स्तुती.

---

अण्णा_मिरजकर · रविवार, दुपारी ३:५०

बरं, मग वाचायचं काय? सगळेच विकले गेलेत म्हणून हात झटकून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. ती पण एक पळवाट आहे, आणि सगळ्या सरकारांना हवी असलेली.

---

काजवा · रविवार, संध्याकाळी ५:२०

शंभर टक्के. हात झटकायचे नाहीत.

मी स्वतः बातमीत पैसे भरणारा माणूस सापडतो का ते बघते. ड्रोनने काढलेल्या शॉटमध्ये तो नसतो. चिनी सरकारच्या चित्रफितीत तो चावी घेताना दिसतो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. रॉयटर्सने सप्टेंबर २०२२मध्ये गुइलिनमधून एक बातमी दिली होती, अर्धवट इमारतीत वीज, पाणी, लिफ्ट नसताना राहायला गेलेल्या कुटुंबांची. घराचे हप्ते आणि भाडं दोन्ही झेपत नव्हतं म्हणून ते गेले. तीही पाश्चात्त्य संस्थाच. म्हणून 'पाश्चात्त्य म्हणजे खोटं' असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. खुद्द चिनी पत्रकारांनी, साइशिनसारख्या नियतकालिकांनी, बिल्डरांच्या कर्जांवर चांगलं काम केलंय, जेवढं करू दिलं तेवढं.

आणि बातमीत साल बघायचं. २०१२मध्ये बीबीसीने अंगोलातल्या किलांबाला ओस म्हटलं होतं, चिनी कंपनीने बांधलेलं लुआंडाजवळचं उपनगर. ते तेव्हा खरं होतं. किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. पुढच्या वर्षी सरकारने किमती उतरवून सवलतीचं कर्ज दिलं आणि लोकांनी रांगा लावल्या. तरी ओस किलांबाचे जुने फोटो अजून फिरतायत.

---

मोहोर · रविवार, रात्री ८:००

एक विचारायचं राहिलं. ज्यांची घरं न बांधताच राहिली त्यांचं पुढे काय झालं? माझ्या वर्गमैत्रिणीच्या काकांचं घर आहे त्यात, पण ती आता त्या विषयावर बोलायचं टाळते.

---

खातेवही · रविवार, रात्री ९:२५

काहींना मिळाली, काही अजून वाट बघतायत. २०२२पासून सरकारने धोरण ठेवलं की कंपनी वाचो न वाचो, घरं पूर्ण करून द्यायची. त्यासाठी खास कर्जं काढली, जानेवारी २०२४पासून प्रकल्पांच्या 'पांढऱ्या याद्या' केल्या आणि यादीतल्या प्रकल्पांना बँकांनी पैसे द्यावेत असं सांगितलं. सरकारी बातम्यांत ताबा दिलेल्या घरांचा आकडा ठळक असतो. नोमुरा या जपानी वित्तसंस्थेने नोव्हेंबर २०२३मध्ये विकलेल्या पण न बांधलेल्या किंवा रखडलेल्या घरांचा अंदाज साधारण २ कोटींचा काढला होता. अंदाजच तो, आणि काढणारीही शेअर बाजाराशी संबंधित कंपनी, त्यामुळे मीठ घालून वाचा. पण ताबा दिलेल्यांचा आकडा वाचताना शेजारी हा ठेवायचा.

घेणेकऱ्यांच्या रांगेत परदेशी रोखेधारक शेवटी आहेत. एव्हरग्रांदचा शेअर ऑगस्ट २०२५मध्ये हाँगकाँगच्या यादीतून काढला तेव्हा जगभर बातमी झाली ती या रोखेधारकांची. ग्राहकांची बातमी स्थानिक, शहरागणिक वेगळी आणि बरीचशी वीचॅटच्या बंद ग्रुपांत. मैत्रीण बोलत नाही ते साहजिक आहे, तिला भाग पाडू नका.

---

पाटीलबुवा · रविवार, रात्री ९:५०

खातेवही, आगाऊ विक्रीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचा नियम चीनमध्ये कसा फसला आणि आपल्या रेराच्या ७० टक्क्यांच्या खात्याचं काय होतं, यावर स्वतंत्र धागा काढा. इथे प्रतिसादात राहिलं तर पुढच्या आठवड्यात शोधूनही सापडणार नाही.

---

चाफा_डोंबिवली · रविवार, रात्री १०:१५

+१. खातेवही, व्यनि केला आहे.